धुराचा पंचनामा : वाइन, वणवे आणि सरकारी शास्त्रज्ञ

आजच्या व्याख्यानाचा विषय सांगितला की समोरचा माणूस आधी थोडा हसतो. विषय असा : सरकार एका रसायनशास्त्रज्ञाला पगार देतं, आणि त्याचं काम काय, तर वणव्याच्या धुरामुळे वाइनची चव कशी बिघडते ते शोधणं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस या गावी अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याच्या संशोधन सेवेत हे काम चालतं. ऑस्ट्रेलियात तर राज्य सरकारच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी ते बरंच आधी हाती घेतलं होतं. साहजिकच मनात प्रश्न येतो : वाइन ही चैनीची वस्तू. तिची चव बिघडली तर करदात्याच्या खिशाला तोशीस कशाला?

या प्रश्नाचं उत्तर बाटलीत नाही, बांधावर आहे. म्हणून आपण आज बांधापासून सुरुवात करू.

आपल्याकडे गारपीट झाली की काय होतं? तलाठी येतात, कृषी सहायक येतात, घड फुटलेले दिसतात, पानं फाटलेली दिसतात, पंचनामा होतो. भरपाई किती आणि कधी मिळते हा वेगळा विषय, पण नुकसान झालं हे डोळ्यांना दिसतं. आता धुराचं बघा. वीस-तीस किलोमीटरवर जंगल पेटलंय. दोन दिवस बागेवर धूर बसून राहिला आणि मग वारा फिरला. मणी टपोरा, रंग पक्का, साखर बरोबर. तोंडात टाकला तर गोडच. पण त्याच द्राक्षाची वाइन केली की घोट गिळल्यावर मागे चव राहते ती विझलेल्या चुलीतल्या राखेची. पंचनामा कशाचा करणार?

आणि इथेच भांडण सुरू होतं. ऑस्ट्रेलिया असो की कॅलिफोर्निया, बरेच बागायतदार स्वतः वाइन करत नाहीत. ते वाइनरीला द्राक्ष विकतात. करार असतो, आणि माल खराब असेल तर तो नाकारण्याचा हक्क वाइनरीला असतो. वाइनरी म्हणते, "धूर लागलाय, नको." बागायतदार म्हणतो, "कुठे लागलाय? दाखवा." विमा कंपनी दोघांना म्हणते, "कागद आणा." हा कागद कोण देणार? वाइनरीने दिला तर बागायतदार मानणार नाही, बागायतदाराने दिला तर वाइनरी मानणार नाही. तिघांपैकी कोणाचाच नसलेला एक आकडा लागतो. माझं आजचं म्हणणं थोडक्यात हेच आहे, की या शास्त्रज्ञाची नोकरी चवीसाठी नाही, त्या आकड्यासाठी आहे.

सरकारी शास्त्रज्ञ द्राक्षबागेत येणं ही गोष्ट काही नवीन नाही. १८५७ मध्ये जर्मन वसाहतकऱ्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात ॲनाहाइम गाव वसवलं, ते द्राक्षांसाठीच. १८८० च्या दशकात तिथल्या वेली अचानक वाळायला लागल्या. कडेने करपलेली पानं, सुकलेले घड, आणि दोन-चार वर्षांत बागच्या बाग मेलेली. १८८९ मध्ये केंद्रीय कृषी खात्याने न्यूटन पिअर्स नावाच्या तरुण वनस्पतिरोगतज्ज्ञाला तिथे पाठवलं. त्याने बाग न् बाग पाहिली, नोंदी केल्या आणि १८९२ मध्ये अहवाल दिला. रोगाचं कारण त्याला सापडलं नाही. ते एका जिवाणूचं काम आहे हे सिद्ध व्हायला १९७८ उजाडलं, म्हणजे जवळपास ८६ वर्षं गेली. पण काय घडतंय आणि काय घडत नाहीये याची नोंद त्याने इतकी नेटकी केली होती, की आज तो रोग त्याच्याच नावाने ओळखला जातो. उत्तर मिळालं नाही तरी नोंद पक्की ठेवायची, हा या नोकरीचा पहिला धडा.

दुसरा धडा राजकारणाचा. १९३३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली. रुझवेल्ट यांच्या सरकारात कृषी खात्यात रेक्सफर्ड टगवेल नावाचे वजनदार अधिकारी होते. त्यांच्या पुढाकाराने मेरिलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथल्या सरकारी संशोधन केंद्रात एक नमुना वाइनरी उभी राहिली. इमारत झाली, यंत्रं आली. पण मिसुरीचे प्रतिनिधी क्लॅरन्स कॅनन हे दारूबंदीचे कट्टर समर्थक. खर्चाच्या तरतुदींवर त्यांचा प्रभाव होता, आणि त्यांनी ठणकावलं की सरकारचा पैसा वाइनवर खर्च होता कामा नये. झालं! त्या वाइनरीत एकही द्राक्ष चिरडलं गेलं नाही. पुढे कित्येक वर्षं केंद्रीय कृषी खात्यात द्राक्षावर संशोधन चालायचं, पण वाइनपासून अंतर राखून. आज त्याच खात्याचा शास्त्रज्ञ उघडपणे वाइनमधला धूर मोजतो, या गोष्टीमागे एवढा मोठा प्रवास आहे.

आता धुराकडे वळू. त्यासाठी आपल्याला ऑस्ट्रेलियात जावं लागेल, साल २००३.

त्या वर्षी ८ जानेवारीला व्हिक्टोरिया राज्याच्या डोंगराळ भागात विजा पडून अनेक ठिकाणी आगी लागल्या. त्या जवळजवळ दोन महिने धुमसत होत्या आणि दहा लाख हेक्टरांहून जास्त प्रदेश जळाला. १८ जानेवारीला राजधानी कॅनबेरापर्यंत आग पोचली आणि तिथे चार माणसं गेली. आता लक्षात घ्या, दक्षिण गोलार्धात जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, म्हणजे द्राक्षमण्यांत पाणी उतरण्याचा काळ. किंग नदीच्या, ओव्हन्स नदीच्या खोऱ्यांत आठवडेच्या आठवडे धूर साचून राहिला. बागा जळाल्या नाहीत. पण त्या हंगामाची वाइन तयार झाली तेव्हा त्यात राख, जळकं मांस, दवाखान्यातल्या जंतुनाशकासारखा वास असं काहीबाही जाणवायला लागलं.

ॲडलेडमध्ये ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूट ही १९५५ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. तिचा खर्च कसा चालतो ते समजून घेण्यासारखं आहे : बागायतदार आणि वाइनरी दर टनामागे पट्टी भरतात, आणि सरकार त्यात आपली भर घालतं. म्हणजे ना पूर्ण सरकारी, ना पूर्ण खाजगी. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी या वाइन तपासल्या आणि दोन संयुगांवर बोट ठेवलं : ग्वायकॉल आणि ४-मिथिलग्वायकॉल. लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन जळलं की ही संयुगं धुरात येतात.

पण गंमत बघा. ग्वायकॉल काही विष नाही, परकंही नाही. भाजलेल्या कॉफीत ते असतं. ओक लाकडाची पिंपं आतून शेकतात, त्यातूनही ते वाइनमध्ये उतरतं, आणि लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात! शिराझसारख्या काही जातींच्या द्राक्षात ते धुराशिवायही थोडं असतंच. म्हणजे "सापडलं" एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. किती सापडलं, हे महत्त्वाचं. पुढे ॲडलेडच्या अभ्यासात असं दिसलं, की लाल वाइनमध्ये लिटरला सुमारे २३ मायक्रोग्रॅम ग्वायकॉल असलं की माणसाला ते जाणवायला लागतं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात २३ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या चिमटीपेक्षाही कितीतरी कमी.

इथून पुढची गोष्ट पश्चिम ऑस्ट्रेलियाची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कारण इथे धूर निसर्गाचा नव्हता, सरकारचाच होता.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात मार्गारेट रिव्हर, पेंबर्टन असे वाइनचे भाग आहेत आणि बाजूला निलगिरीच्या कुळातल्या झाडांची दाट जंगलं. तिथलं सरकारी खातं दरवर्षी वसंतात आणि शरदात जंगलातला पालापाचोळा ठरवून जाळतं, म्हणजे उन्हाळ्यात मोठा वणवा भडकू नये. आपल्याकडे वनखातं जाळरेषा काढतं, त्याचंच मोठं रूप समजा. हे काम गावं वाचवण्यासाठी असतं, त्याच्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. पण शरदातली जाळणी आणि द्राक्षांची काढणी नेमकी एकाच सुमाराला. बागायतदार म्हणाले, तुमच्या धुराने आमचं पीक जातंय. आता सांगा, वादी बागायतदार, प्रतिवादी सरकार, आणि पुरावा गोळा करायला नेमलेली शास्त्रज्ञ सरकारच्याच कृषी खात्यातली.

त्या शास्त्रज्ञ म्हणजे क्रिस्टन केनिसन. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी काढलेल्या द्राक्षांना काडाचा धूर देऊन पाहिला. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मग थेट बागेत गेले. मर्लो जातीच्या वेलींवर तंबू उभारले आणि आत मोजून धूर सोडला. हंगामातली वेगवेगळी वेळ निवडली. कधी एकदा, कधी पुन्हा पुन्हा. निष्कर्ष असा निघाला, की मण्यांत पाणी उतरल्यावर साधारण सात दिवसांपासून काढणीपर्यंत वेल सगळ्यात जास्त धूर पकडते, आणि या काळात दाट धुराचा नुसता अर्धा तासही वाइन बिघडवायला पुरतो.

या उत्तराचा अर्थ दोन्ही बाजूंना कळण्यासारखा होता. जाळणी बंद करा असं शास्त्र म्हणालं नाही. धूर झाला म्हणजे बाग गेली असंही म्हणालं नाही. नाजूक काळ कोणता, ते सांगितलं. जाळणीचं वेळापत्रक आखताना बागांची अवस्था बघायची, हे बोलणं त्यामुळे शक्य झालं. सरकारी शास्त्रज्ञाने सरकारविरुद्ध निकाल दिला का? नाही. सरकारच्या बाजूने दिला का? तेही नाही. तारखा दिल्या. भांडणात तारखा फार उपयोगी पडतात.

त्याच तंबूंमधून एक कोडंही बाहेर आलं. धूर दिलेल्या मर्लोचा ताजा रस तपासला तर त्यात ग्वायकॉल जवळजवळ नाहीच. तोच रस आंबायला लागला की दिवसागणिक ग्वायकॉल वाढायला लागलं. धूर तर कधीच विरून गेला होता, मग हे येत कुठून होतं?

उत्तर ॲडलेडमध्ये मिळालं. योजी हायासाका आणि सहकाऱ्यांनी जड हायड्रोजनची खूण केलेलं ग्वायकॉल द्राक्षांना आणि पानांना लावलं आणि त्याचा माग काढला. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं, की वेल हे परकं संयुग साखरेला बांधून ठेवते. आपल्या घरात नको असलेली वस्तू गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकावी तसं. साखरेला बांधलं की ते उडत नाही, त्याला वास येत नाही. म्हणून मणी गोड लागतो, रस स्वच्छ लागतो. आंबताना, पुढे बाटलीत मुरताना, या गाठी हळूहळू सुटतात. इतकंच काय, वाइन पिताना आपल्या लाळेमुळेही काही गाठी तोंडातच सुटतात. नाकाला काही कळत नाही आणि घोट गिळल्यावर राख लागते, त्याचं कारण हे.

या शोधाने शास्त्र पुढे गेलं, पण आकडा अवघड झाला. आता नुसतं मोकळं ग्वायकॉल मोजून भागेना. क्रेसॉल, सिरिंगॉल अशी त्याची भावंडं मोजायची, शिवाय साखरेला बांधलेली गाठोडीही मोजायची. आणि मुख्य म्हणजे, धूर नसलेल्या वर्षी त्याच जातीत, त्याच भागात हे सगळं किती असतं, ते माहीत हवं. त्याशिवाय धुराच्या वर्षीचा आकडा कशाशी ताडून बघणार? हे काम कंटाळवाणं आहे. आग नाही, बातमी नाही, पण दरवर्षी जाऊन निरोगी द्राक्षं गोळा करायची आणि मोजायची. कोणती खाजगी कंपनी हे करील? करदात्याच्या पैशाचा प्रश्न आपण सुरुवातीला विचारला होता, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर अमेरिकेत. २००८ च्या जूनमध्ये उत्तर कॅलिफोर्नियात विजांमुळे शेकडो आगी लागल्या आणि मेंडोसिनो भागातल्या पिनो न्वारला धुराची चव आली. तेव्हा अमेरिकनांनी ऑस्ट्रेलियन अभ्यास उघडून वाचले. मधल्या काळात ऑस्ट्रेलियाने ७ फेब्रुवारी २००९ चा काळा शनिवार पाहिला होता. १७३ माणसं गेली, आणि यारा खोऱ्यातल्या बागांवर पुन्हा धूर बसला. एवढ्या मृत्यूंसमोर द्राक्षांचं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. पण आग विझल्यावर जे लोक मागे राहतात, त्यांना त्याच गावात पोट भरायचं असतं.

मग २०१८. ओरेगॉनच्या रोग व्हॅलीत काढणी तोंडावर आलेली असताना कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने धुराचं कारण देऊन मोठ्या प्रमाणावर द्राक्ष नाकारली. बागायतदार म्हणाले, आमच्या तपासण्यांत काळजीसारखं काही नाही. कंपनी आपल्या म्हणण्यावर ठाम. आकडे दोघांकडे होते, पण त्या आकड्यांचा अर्थ काय यावर एकमत नव्हतं. शेवटी ओरेगॉनच्याच काही वाइनरींनी त्यातली द्राक्षं विकत घेतली, त्यांची वाइन केली आणि "ओरेगॉन सॉलिडॅरिटी" या नावाने बाजारात आणली. शेजाऱ्यांनी हात दिला ही चांगली गोष्ट झाली. पण दरवर्षी शेजाऱ्यांच्या भल्या मनावर शेती चालत नाही.

दोनच वर्षांनी, २०२० मध्ये, कॅलिफोर्नियात एका वर्षात ४० लाख एकरांहून जास्त प्रदेश जळाला. ऑगस्टमध्ये विजांच्या आगी, सप्टेंबरअखेर नापा खोऱ्यात ग्लास फायर. सगळ्यांनी एकदमच नमुने पाठवले. प्रयोगशाळांकडे इतकी गर्दी झाली की निकाल यायला कित्येक आठवडे लागू लागले. आणि पिकलेलं द्राक्ष आठवडे थांबत नाही. निकाल येईपर्यंत काढणीची वेळ टळलेली. तेव्हा बागायतदारांना सल्ला दिला गेला तो जुन्या घरगुती पद्धतीचा : बादलीभर द्राक्षं काढा, आंबवा, आणि चाखून बघा. एवढं शास्त्र पुढे गेलं आणि शेवटी बादली! पण बादलीतली वाइन चाखणारी जीभ तरी भरवशाची आहे का? ही राखेची चव सगळ्यांना सारखी जाणवत नाही. काहींना ती कळतच नाही.

त्या हंगामानंतर अमेरिकेत पैसा उभा राहिला. काँग्रेसने कृषी संशोधन सेवेला या विषयासाठी तरतूद दिली. डेव्हिसच्या केंद्राचं काम त्यातून वाढलं. २०२१ मध्ये ओरेगॉन, वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियातल्या तीन विद्यापीठांना मिळून कृषी खात्याने ७६ लाख ५० हजार डॉलरचं अनुदान दिलं. ओरेगॉनच्या गटाने पुढे थायोफिनॉल नावाची गंधकयुक्त संयुगं शोधली, जी त्या राखेच्या चवीला हातभार लावतात. म्हणजे वीस वर्षं ज्या यादीवर आपण मोजत होतो, ती यादीच अपुरी होती.

मग या नोकरीत माणूस नेमकं करतो काय? वेलींवर तंबू टाकून धूर सोडतो. सेन्सर लावून हवेतला धूर मोजतो, कारण ताजा धूर जास्त घातक आणि लांबून, दिवसभर हवेत फिरून आलेला धूर तुलनेने सौम्य असतो. काढणीनंतर काय करता येईल ते तपासतो : सालीशी संपर्क कमी ठेवणं, सक्रिय कोळशाने वाइन साफ करणं, रिव्हर्स ऑस्मोसिस. प्रत्येकात काही धूर जातो आणि त्याच्यासोबत थोडी चवही जाते. पाण्याने घड धुतले तर उपयोग होत नाही, हेही कोणीतरी मोजूनच सांगावं लागलं. आणि निरोगी वर्षांतल्या द्राक्षांच्या नोंदी ठेवतो, पिअर्सने ठेवल्या तशा.

आपल्याकडचा विचार मनात येणं स्वाभाविक आहे. धूर आपल्या द्राक्षबागांना परका नाही. निफाडमध्ये पारा उतरला की बागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात, वेल गारठू नये म्हणून. तिथे धूर आणि ऊब हे राखणदार असतात. म्हणजे धूर वाईटच असतो असं नाही. कोणत्या अवस्थेत, किती वेळ, कसला, आणि त्या द्राक्षाचं पुढे काय करणार, यावर सगळं ठरतं. खाण्याची द्राक्षं आणि वाइनची द्राक्षं यांचा हिशोब वेगळा. आपल्याकडे पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. सरकारने द्राक्षासाठी शास्त्रज्ञ का नेमावेत, हे महाराष्ट्राला वेगळं समजावून सांगण्याची गरज नाही.

तर मूळ प्रश्नाकडे. करदात्याने पैसे का द्यावेत? वाइन पिणाऱ्यासाठी नाही. जो दहा-पंधरा एकरांवर वर्षभर राबतो, ज्याचं पीक डोळ्यांना निर्दोष दिसतं आणि तरी वाइनरीच्या दारातून परत येतं, त्याच्या हातात दाखवायला काहीतरी असावं म्हणून. कधी तो कागद त्याच्या विरुद्धही जाईल. द्राक्षात खरोखरच धूर असेल, तर तसंच लिहिलेलं असेल. पण तो विकणाऱ्याने लिहिलेला नसेल आणि घेणाऱ्यानेही नसेल. आज तो कागद पूर्ण नाही. त्यातली यादी अजून वाढते आहे, मर्यादा अजून ठरताहेत. आग दरवर्षी येते, म्हणून मोजणीही दरवर्षी चालू ठेवावी लागते.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.